मयताशी आपलं नातं

काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी. पट्टीवर नाव: डोरिन. माणूस गेला तरी भांडं परत गेलं पाहिजे.

•

पिवळ्या लोकरीचे पायमोजे. अंगठा जेमतेम मावेल एवढे.

•

औषधांच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार कुत्र्यासाठीसुद्धा उघडतं.

•

लून नावाचा पाणपक्षी ओरडला की वाटतं, सरोवराच्या तळाशी बसून कुणी बाई आपल्या माणसाला हाका मारते आहे. फोनवर ताटकळणाऱ्या लोकांना ऐकवायला ग्रे लून इन्शुरन्स कंपनीने नेमका हाच आवाज निवडला. मन शांत होतं म्हणून!

•

"मयताशी आपलं नातं काय?"

"जवळचं."

•

जिन्याच्या पायरीवर अर्धवट गुंडाळलेला लोकरीचा गुंडा.

•

"मी आहे ना!" अर्विड नुर्मेला म्हणाला, आणि सगळं तिथून सुरू झालं.

पानं गळून गेली की अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलूथ गावात दोन हंगाम एकदम लागतात. एक हरणांच्या शिकारीचा, दुसरा मेडिकल इन्शुरन्स निवडण्याचा. पहिल्यात निदान हरणाला पळायला जागा असते! अर्विडला दुसऱ्याचा अनुभव नव्हता. उभी हयात त्याने डॉकवर उभं राहून जहाजांच्या पोटात लोखंडाचा कच्चा माल ओतण्यात घालवली होती, आणि इन्शुरन्सची काळजी युनियनने वाहिली होती. आता तो निवृत्त झाला होता. सरकारी विम्याच्या वयाला अजून अवकाश होता. मधल्या रिकाम्या जागेत कंपन्या जबडा उघडून बसल्या होत्या. कांस्य प्लॅन, रौप्य प्लॅन, सुवर्ण प्लॅन. शर्यतीत पळायचंय की आजारी पडायचंय, तेच कळेना!

त्याच्या बायकोची, मार्लिसची, अट एकच होती. तिचा उजवा गुडघा पायरी चढताना असा वाजे, की बाहेर सरोवरावरचा बर्फ तडकला म्हणून शेजारी खिडकीत येत.

"कांसं घे, सोनं घे, पत्रा घे," ती म्हणाली. "पण त्यात डॉक्टर थाओ असली पाहिजे. माझा गुडघा तीच बदलणार. मार्चची तारीख दिलीय तिने. दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाय देणार नाही."

"अगं, एवढी जहाजं भरली मी. एक प्लॅन नाही निवडता येणार?"

"जहाजं बुडतात, अर्विड."

"मी भरलेलं एकही नाही बुडालं!"

अर्विडने जहाजाच्याच हिशेबाने प्लॅन निवडला. ज्याचं पोट मोठं, ते चांगलं. ग्रे लून कंपनीच्या 'शांत किनारा' नावाच्या प्लॅनमधल्या डॉक्टरांची यादी सगळ्यात जाड होती. एवढ्या गर्दीत थाओबाई कुठेतरी असणारच! त्याने सही ठोकली आणि शिकारीला निघून गेला.

जानेवारीत मार्लिसने थाओबाईंच्या दवाखान्यात फोन केला. थाओबाई त्या यादीत नव्हत्या. 'शांत किनारा'च्या बाहेरचा डॉक्टर घ्यायचा, तर पूर्ण ऑपरेशन स्वतःच्या खर्चाने. म्हणजे घर विकून पायरी चढायची!

"यादीत दुसरे गुडघेवाले आहेत की," अर्विड म्हणाला. आवाज जरा पडला होता.

त्याने यादीतला पहिला नंबर फिरवला.

"डॉक्टर ओस्बी?" पलीकडची बाई थबकली. "डॉक्टर वारले हो. बरीच वर्षं झाली."

"पण यादीत आहेत!"

"यादीत आहेत," ती म्हणाली. "आम्ही कळवलं होतं. त्यांनी नाही सोडलं."

दुसरे डॉक्टर फ्लोरिडात होड्या विकत होते. तिसऱ्या नंबरावर कुणीतरी फोन उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. अर्विडने हळूच फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. कडाक्याच्या थंडीत सरोवरातून वाफेचे खांब उठत होते, आणि पाण्यावरून माणसांसारखे चालत किनाऱ्याकडे येत होते. दर हिवाळ्यात येतात. पण त्या दिवशी त्यातला एक वळून त्याच्याकडे बघतोय असं त्याला वाटलं.

निवडीचा हंगाम तर संपला होता. आता प्लॅन बदलायचा, तर आयुष्यात काहीतरी मोठं घडावं लागतं, आणि ते कंपनीच्या पसंतीचं असावं लागतं. लग्न, जन्म, घटस्फोट, स्थलांतर, मृत्यू. डॉकवरच्या एका जुन्या सोबत्याने कानमंत्र दिला: "त्यांना सांग, युनियनचं कार्ड एक्स्पायर झालं. जुना विमा संपला की नव्याने निवडू देतात."

आता, डॉकवर वायरलेसवर बोलायची एक रीत असते. आधी आडनाव, मग नाव, मग अवस्था. क्रियापदाचे लाड नाहीत. जहाज आत येत असताना कुणी गोष्ट सांगत बसत नाही. अर्विडने जुनं कार्ड हातात धरलं, खाकरला, आणि फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईने "थोडक्यात सांगा, काय झालं?" असं विचारताच ठणकावून सांगितलं:

"नुर्मेला, अर्विड. एक्स्पायर्ड."

"नुर्मेला, अर्विड. एक्स्पायर्ड. बरोबर असल्यास 'हो' म्हणा."

"हो!"

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

अर्विड गहिवरला. काय माणुसकी! साध्या कार्डाची मुदत संपली, तर यंत्रालासुद्धा वाईट वाटतं!

"चालायचंच," तो म्हणाला. "डॉकवरच्या सगळ्यांचं होतं, आज ना उद्या."

"अचानक झालं, की अपेक्षित होतं?"

"अपेक्षित. युनियनने आधीच कळवलं होतं."

"मागे कोण आहे?"

"बायको. गुडघ्याने बेजार. तिच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"तिला आता नवीन प्लॅन निवडता येईल."

"हेच! हेच पाहिजे होतं!" अर्विड इतक्या जोरात ओरडला, की कपातली कॉफी हिंदकळली. फोनमध्ये लून एकदाच, लांबून ओरडला, आणि मग सगळं शांत झालं.

•

आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

•

त्याच आठवड्यात कंपनीतून केल्सी नावाच्या खऱ्याखुऱ्या मुलीचा फोन आला. मार्लिस विणत होती, म्हणून तिने फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. समोर अर्विड टोस्ट खात होता.

"मिसेस नुर्मेला," केल्सीचा आवाज सायीसारखा मऊ होता, "मिस्टर नुर्मेलांचं कळलं. फार वाईट झालं."

मार्लिसने अर्विडकडे पाहिलं. अर्विडने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"काय कळलं?" मार्लिसने विचारलं.

"ते गेल्याचं."

"कुठे गेलाय? हा काय इथे बसलाय. टोस्ट खातोय."

मग केल्सी आणखी मऊ झाली. "हो... तसं होतं, मिसेस नुर्मेला. माझ्या आत्यालाही दिसायचे काका. खुर्चीतच."

"अहो, मी जिवंत आहे!" अर्विड तोंडातल्या टोस्टसकट ओरडला.

"टीव्ही चालू ठेवता ना? चांगलं आहे. घरात पुरुषाचा आवाज असला की बरं वाटतं. त्यांच्याशी बोलत जा तुम्ही, लाजू नका. बरं, आता तुम्हाला नव्याने निवड करता येईल. कोणी ठरावीक डॉक्टर हवाय?"

मार्लिसच्या सुया थांबल्या. ती अर्विडकडे बघत राहिली. संसारात तिने त्याच्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मासा घ्यायचा की सोडायचा, असं बघतात ना, तसं.

"डॉक्टर थाओ," ती म्हणाली.

"आहेत की! 'खुलं आकाश' प्लॅनमध्ये. नोंदवू?"

"नोंदव बाई."

फोन बंद झाला तसा अर्विड ताडकन उठला. "मी आत्ता फोन करून सांगतो!"

"बस खाली."

"अगं, पण मी मेलोय!"

"मार्चपर्यंत," मार्लिस म्हणाली. "मी तिला सांगितलं ना, तू बसलायस म्हणून? खोटं बोलले का? आता तू जिवंत निघालास, तर प्लॅन जाईल, प्लॅनबरोबर थाओबाई जाईल, आणि मी हा गुडघा घेऊन थडग्यात जाईन. खरोखरच्या थडग्यात. हा घोळ कुणी घातला?"

अर्विड खाली बसला.

"आणि एक बघ," ती पुन्हा सुया चालवत म्हणाली, "तुझ्या त्या यादीतले डॉक्टर आता तुला भेटतील."

•

सुरुवातीला सोपं वाटलं. मरायला म्हणून काही वेगळं करावं लागत नव्हतं! मग तो रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेला.

दुकानासमोर वाफेचं धुकं दाटलं होतं. अर्विड दारासमोर उभा राहिला. दार उघडेना. त्याने हात हलवले, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा आला, शेवटी उडी मारून पाहिली. आतली माणसं त्याच्या आरपार रस्त्याकडे बघत होती. तेवढ्यात एक कुत्रं आलं. दार उघडलं. अर्विड कुत्र्याच्या मागून आत शिरला.

काउंटरवरची मुलगी नवीन होती. तिने पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा मावळला. "सॉरी. मिस्टर नुर्मेला वारलेत. त्यांच्या गोळ्या मला देता येणार नाहीत. तुम्ही भाऊ का त्यांचे? तसेच असतील दिसायला."

"थोडेसे," अर्विड पुटपुटला.

गाडीत बसून त्याने हातमोजा काढला आणि मनगटावर बोटं ठेवली. काही लागेना. बोटं गारठली असतील. मग मानेला हात लावला. तिथे काहीतरी धडधडत होतं. पण ते इंजिनही असेल.

घरी जुन्या बाटलीत बऱ्याच गोळ्या निघाल्या म्हणून बरं! पण तिकडे दुकानातली ती मुलगी शेजारच्या डोरिनची भाची निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मार्लिसला उठवेना, आणि अर्विड तेव्हा भांडी घासत होता. तो तसाच गेला, हातात फडकं, कोपरापर्यंत पांढरा फेस. दार उघडलं तर समोर डोरिन! हातात हॉटडिशचं गरम भांडं. खाली खिमा, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. डुलूथमध्ये कुणी गेलं की अर्ध्या दिवसात हे भांडं दारात येतं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. डोरिनच्या मागे धुकं, अर्विडच्या मागे अंधारा पॅसेज.

दुसरीकडे कुठे असतं, तर बाई किंचाळली असती, भांडं फुटलं असतं, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण डुलूथची माणसं भलती सभ्य! समोरच्याच्या दातात पालक अडकला, तरी इथे कुणी सांगत नाही. मग तू मेलायस हे तोंडावर कोण सांगणार?

"थंडी आहे," डोरिन म्हणाली.

"आहे," अर्विड म्हणाला.

"मार्लिस कशी आहे?"

"गुडघा त्रास देतोय."

"आणि त्यात हे!" डोरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने धीर एकवटला. "तू... बरा दिसतोयस, अर्विड."

"झोप चांगली लागते आता."

"असं म्हणतात खरं," डोरिन कुजबुजली, भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि बर्फातून पाठमोरी न होता, उलट्या पावलांनी निघून गेली.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. अर्विड घरातच आहे. दिसतो. बोलतो. काहींनी विश्वास ठेवला नाही.

"अगं, खरोखरचाच अर्विड असेल. काहीतरी गैरसमज झाला असेल."

"भांडी घासत होता," डोरिनने सांगितलं.

जिवंत अर्विडने भांड्याला कधी हात लावला नव्हता. एवढा पुरावा पुरे होता!

अंत्यविधीचं कुणी विचारलं नाही, कारण हिवाळ्यात तिकडे जमीन दगडासारखी गोठलेली असते. थंडीत गेलेला माणूस वसंतापर्यंत थांबतो. पाद्रीबाबा येऊन कॉफी प्यायले आणि अर्विडच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत मार्लिसला म्हणाले, "मग एप्रिलमध्ये उरकू."

"एप्रिलमध्ये मला मासेमारीला जायचंय," अर्विड म्हणाला.

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. "त्याला मासेमारी फार आवडायची," ते म्हणाले.

अर्विड रोडावला. लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल भूतकाळात बोलत, आणि बहुतेक चांगलं बोलत. ते जास्त भीतीदायक होतं! दुपारी तो खुर्चीत बसला, की मार्लिस खोलीत येऊन त्याच्याकडे न बघता दिवा घालवून जाई. "अगं, मी आहे इथे!" "हो का? सवय झाली रे." एकदा फोन वाजला. तीच रेकॉर्ड केलेली बाई. "मयताशी आपलं नातं काय?" अर्विडने बराच वेळ विचार केला. "जवळचं," तो म्हणाला. मग त्यालाच शंका आली. "पूर्वी फार जवळचं होतं."

•

मार्च आला. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईने पडद्यावर पाहिलं. मार्लिस नुर्मेला. विधवा. मग तिने व्हीलचेअरशेजारी मार्लिसची पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

"आणि हे कोण?"

मार्लिसने अर्विडचा हात इतका घट्ट दाबला, की नाडी आहे हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. इथे खरं बोललं, तर व्हीलचेअर आल्या वाटेने परत!

"मी..." अर्विडने पिशवी छातीशी धरली. "मी मित्र. हिचा. खास."

बाईच्या भुवया वर गेल्या आणि सभ्यपणे खाली आल्या. "छान," ती म्हणाली. "आयुष्य थांबत नाही." तिची नजर त्याच्या डॉकच्या जुन्या जाकिटावर गेली. खिशावर शिवलेलं होतं: अर्विड. "त्यांचे कपडेही बसतात तुम्हाला."

चिमुकल्या थाओबाई ऑपरेशन आटोपून बाहेर आल्या तेव्हा अर्विड खुर्चीच्या टोकावर बसून हातमोजा चावत होता.

"गुडघा झकास झालाय," त्या म्हणाल्या. मग शेजारी बसल्या. "एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. गुंगीत असताना त्या सारखं अर्विड, अर्विड करत होत्या. पहिला नवरा. असं होतं कधीकधी."

अर्विडने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. "नाही," तो म्हणाला. "मला नाही वाईट वाटलं."

•

पुढे मार्लिस काठीशिवाय जिना चढली, आणि एकाही शेजाऱ्याने खिडकीत येऊन पाहिलं नाही. तेव्हा अर्विडने ग्रे लूनला फोन लावला.

लग्न असल्यास एक दाबा. जन्म असल्यास दोन. घटस्फोट, तीन. स्थलांतर, चार. मृत्यू, पाच. जिवंत झाल्यास दाबायला काहीच नव्हतं! त्याने पाच दाबून पाहिलं, तर "आपली नोंद आधीच झालेली आहे," असं उत्तर आलं. चार दाबलं, तर यंत्राने विचारलं, "कुठून आलात?" शेवटी त्याने दोन दाबलं.

"अभिनंदन!" केल्सीच होती. "बाळाचं नाव?"

"अर्विड."

केल्सीला भरून आलं. "वडिलांचंच ठेवलंत! वजन?"

अर्विडने वजन सांगितलं. बटणं दाबल्याचा आवाज आला. "गुटगुटीत आहे," ती म्हणाली. "केस?"

"होते."

"'खुलं आकाश'मध्ये आईच्या खाली घालते. लस टोचायला आणा हं!"

अर्विड जिवंत झाला. कागदोपत्री आठवड्याभराचा, पण जिवंत! दुकानाचं दारही पहिल्या झटक्यात उघडलं. तो छाती काढून आत गेला आणि गोळ्या मागितल्या. डोरिनच्या भाचीने पडद्यावर पाहिलं. अर्विड नुर्मेला. नवजात. रक्तदाबाच्या गोळ्या.

"एवढ्याशा जिवाला!" तिने तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात डोरिन. एका हातात तेच काचेचं भांडं, बुडाला तीच पट्टी. दुसऱ्या हातात चिमुकले पिवळे पायमोजे. चेहऱ्यावर सगळा हिशेब स्पष्ट दिसत होता: नवरा जानेवारीत गेला, मित्राबरोबर मार्चमध्ये हॉस्पिटलात गेली, म्हणे गुडघा होता! पण डुलूथची बाई. बोलली नाही.

"थंडी कमी झाली," ती म्हणाली.

"झाली," अर्विड म्हणाला. हातात फडकं होतंच. भांडी आता कायमची त्याच्याकडे आली होती.

"बाळ झोपलंय का?"

अर्विडने मागे वळून पाहिलं. मार्लिस खुर्चीत बसून विणत होती, मान खाली, खांदे हलत होते.

"नाही," तो म्हणाला. "उभं आहे."

•

अर्विड पहिल्यांदा ग्रे लूनशी बोलला तेव्हा मार्लिस जिन्याच्या पायरीवर लोकर गुंडाळत बसली होती, आणि दार उघडं होतं; त्याचं 'एक्स्पायर्ड' तिला तिथवर स्पष्ट ऐकू गेलं होतं.